बंदुकीच्या गोळीचे शिसे

कोलकात्याचा एस्प्लनेड म्हणजे माणसांची आणि वाहनांची अखंड दाटी. परंतु ह्या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर तो नेमका ह्याच्या उलट आहे. किल्ल्याच्या तटासमोर मुद्दाम उजाड ठेवलेले मैदान म्हणजे एस्प्लनेड. चालून येणाऱ्या शत्रूला झाडाझुडपांचा वा घरादारांचा आडोसा मिळू नये आणि तटावरील तोफांच्या माऱ्याला वाट निर्वेध असावी, एवढ्यासाठी ती जागा मोकळी राखीत. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, इंग्रजांनी नव्या फोर्ट विल्यमच्या बांधकामास आरंभ केला, तेव्हा गोविंदपूर हे गाव उठवले, सभोवारचे रान तोडले आणि आजचे मैदान जन्मास आले. मुंबईकर श्रोत्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. मुंबईच्या किल्ल्यापुढील मोकळ्या जागेलाही एस्प्लनेडच म्हणत. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे तिचेच राहिलेले तुकडे होत.

गोळ्यांच्या वाटेवरून जिचे नाव पडले, त्याच जागेच्या आसपास पुढे बंदुकांचा व्यापार फोफावला, हा योगायोगच म्हणावयाचा. एस्प्लनेड, चौरंगी आणि डलहौसी चौक ह्या टापूत मँटन, रॉडा, लायन अँड लायन अशा पेढ्या नावारूपास आल्या. त्यांपैकी रॉडा कंपनीचे नाव आपल्या स्मरणात आहे ते वेगळ्याच कारणाने. २६ ऑगस्ट १९१४ रोजी तिच्या मालातील पन्नास मौजर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे बंगालच्या क्रांतिकारकांनी भर दिवसा पळवली. परंतु ह्या पेढ्यांचे नित्याचे गिऱ्हाईक म्हणजे शिकारी मंडळी: चहामळ्यांचे मालक, लष्करी अंमलदार, जंगलखात्याचे साहेब आणि संस्थानिक.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकारीची रायफल विकत घेतली की ती बहुधा लाकडी पेटीतून येई. पेटीत बंदुकीच्या जोडीला दारूचा बुधला, नळी साफ करण्याचा गज आणि अडकित्त्यासारखी दिसणारी एक वस्तू असे. हा गोळीचा साचा. त्याच्या दोन फाळ्या मिटल्या म्हणजे आत गोळीच्या आकाराची पोकळी तयार होई. तयार काडतुसांचे युग अजून यावयाचे होते. तेव्हा शिकाऱ्याने तळावर विस्तव पेटवावा, लोखंडी पळीत शिसे वितळवावे, ते साच्यात ओतावे आणि उद्याच्या गोळ्या आज रात्री आपल्या हाताने तयार कराव्यात, अशीच रीत होती. गोळी आणि शिसे ह्यांचे नाते इतके जवळचे की बंदुकीच्या नळीचे मापसुद्धा शिशावरूनच ठरले. ‘बारा बोअरची बंदूक’ हे शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांतही परिचित आहेत. त्यांचा अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. एक पौंड शुद्ध शिशाच्या समान बारा वाटोळ्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची.

मग प्रश्न उरतो तो एवढाच, की हे शिसे कोणते असावे? निव्वळ शुद्ध, की त्यात आणखी काही मिसळलेले? आणि मिसळावयाचे तर काय व किती? ऐकताना हा कारागिराचा किरकोळ प्रश्न वाटेल. पण रानात त्याचे उत्तर चुकले म्हणजे त्याची किंमत जनावराला मोजावी लागे, आणि पुष्कळदा माणसांनाही. फार मऊ गोळी जाड कातडीच्या जनावरावर चेपून वरच थांबते. फार कठीण गोळी आरपार निघून जाते, नाहीतर हाडावर आपटून तिचे तुकडे होतात. तिन्ही प्रसंगी जनावर तत्काळ मरत नाही. ते यातना भोगीत निसटते. १९०७ साली जिम कॉर्बेटने कुमाऊँमध्ये मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजवीकडील वरचे व खालचे सुळे कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने मोडलेले होते, आणि तिच्या नावावर चारशेहून अधिक माणसांचे बळी नोंदले गेले होते. नैसर्गिक भक्ष्य मारणे अशक्य झाल्यामुळेच ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. नेम आणि गोळी ह्या दोहोंपैकी एक जरी फसले तरी पुढे काय घडू शकते, ह्याचे ह्याहून भयंकर उदाहरण शोधावयास नको.

गोळीसाठी शिसेच का पत्करले गेले, हे आधी पाहू. शिसे जड आहे. त्याचे विशिष्ट गुरुत्व ११.३४, म्हणजे लोखंडाच्या सुमारे दीडपट. जड गोळी हवेचा विरोध सहज कापते आणि दूरवर वेग टिकवते. दुसरे म्हणजे ते अवघ्या ३२७ अंश सेल्सियसला वितळते. लोहाराची भट्टी नको, भाता नको; चुलीचा विस्तव पुरे. तिसरा गुण त्याच्या मऊपणाचा. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे कोरलेले असतात आणि गोळी त्या आट्यांत रुतून फिरत बाहेर पडली तरच सरळ जाते. मऊ शिसे आट्यांत चटकन रुतते आणि नळीलाही झीज पोचवीत नाही.

परंतु हाच मऊपणा मर्यादेबाहेर गेला म्हणजे दोष ठरतो. शुद्ध शिशावर बोटाच्या नखाने ओरखडा उठतो. दारूचा भार वाढवला, वेग वाढला, की मऊ गोळी आट्यांना धरून राहू शकत नाही. ती त्यांवरून घसरते, आणि मागून येणारा तप्त वायू तिच्या कडांवरून निसटत शिसे वितळवून नळीला आतून चिकटवतो. नळी अशी ‘शिसाळली’ की पुढच्या गोळीचा नेम गेलाच. म्हणून शिशाला थोडे कठीण करावे लागते, आणि त्यासाठी मुख्यतः दोन धातूंचे साहाय्य घेतात. एक आपल्या परिचयाचे कथील, आणि दुसरे अँटिमनी, म्हणजे सुरम्याच्या दगडातून मिळणारी धातू.

ह्या दोन्ही धातूंचे स्वभाव भिन्न आहेत, आणि निवडीचे सारे मर्म ह्या भिन्नतेत आहे. कथील शिशाला बेताचेच कठीण करते, पण त्याची चिवटाई राखते. त्याहून मोठा त्याचा गुण म्हणजे वितळलेल्या धातूचा पृष्ठताण ते कमी करते. मग रस साच्याच्या कोनाकोपऱ्यांत नीट पसरतो आणि गोळीच्या बुडाची कड धारदार, अभंग उतरते. गोळीच्या नेमाला तिच्या टोकापेक्षा ह्या बुडाची कड अधिक महत्त्वाची आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अँटिमनीची तऱ्हा निराळी. ते कथिलापेक्षा कितीतरी अधिक काठिण्य देते आणि स्वस्तही पडते. परंतु त्याचे कठीण स्फटिक शिशात विखरून राहतात आणि प्रमाण वाढले की गोळी ठिसूळ होते. हाडावर आदळताच ती फुलत नाही, फुटते. थोडे कथील सोबत असेल तर ते अँटिमनीशी संयोग पावून हा दोष काही अंशी झाकते. म्हणून जाणते लोक दोन्ही घालतात, आणि कथिलाचे प्रमाण अँटिमनीच्या वर सहसा जाऊ देत नाहीत.

स्वीडनचा अभियंता ब्रिनेल ह्याने १९०० साली धातूंचे काठिण्य मोजण्याची जी रीत काढली, तिच्या अंकांत हे सांगता येईल. शुद्ध शिशाचा अंक सुमारे पाच. वीस भाग शिशात एक भाग कथील घातले की तो दहाच्या आसपास जातो. शिसे नव्वद, कथील पाच आणि अँटिमनी पाच ह्या मिश्रणाचा अंक पंधरा. आणि छापखान्यातील लायनोटाइप यंत्राच्या धातूचा, ज्यात अँटिमनी अकरा-बारा टक्के आणि कथील चार टक्के असते, तो बावीसच्या घरात.

छापखान्याचे नाव येथे ओघाने आले खरे, पण ते अगदी स्वाभाविक आहे. गोळी आणि छापण्याचा खिळा ही एकाच धातुकुळातली भावंडे होत. खिळे ओतणाऱ्याला रसाने मातृकेची बारीकशी रेघही भरून काढावी असे वाटते, थिजताना धातू फार आकसू नये असे वाटते, आणि हजारो प्रतींच्या दाबाखाली अक्षराची कड झिजू नये असेही वाटते. गोळी ओतणाऱ्याच्या अपेक्षा फारशा वेगळ्या नाहीत. त्यामुळे दोघांनीही शिसे, कथील आणि अँटिमनी ह्याच त्रयीला हात घातला. कोलकात्याच्या परिसरात ह्या त्रयीने मराठी भाषेवर जे उपकार केले आहेत, त्यांची आठवण ह्या प्रसंगी न करणे कृतघ्नपणाचे होईल. एस्प्लनेडपासून हुगळी नदीने वर गेले की श्रीरामपूर लागते. पूर्वी ते डेन्मार्कच्या अंमलाखाली होते. तेथील मिशनच्या छापखान्यात पंचानन कर्मकार ह्या बंगाली लोहाराने आणि त्याच्या शिष्यांनी पोलादी ठसे कोरून देशी लिप्यांचे खिळे पाडले. तेथेच १८०५ साली विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापून निघाले आणि १८१० साली त्याचा मराठी कोश, तोही मोडी खिळ्यांत. फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा हे ह्या कामी कॅरीचे साहाय्यक होते. मराठी शब्दांना छापील रूप देणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत ह्यांची गणना होते, आणि ते घडले बंगालच्या भूमीवर, शिशाच्या अंगी बाणवलेल्या काठिण्यामुळे.

आता पुन्हा गोळीकडे वळू. शुद्ध शिसे जिथे अनिवार्य होते असे एक प्रसिद्ध उदाहरण एन्फील्ड रायफलचे आहे. १८५३ च्या नमुन्याची ही रायफल तोंडाकडून भरावयाची. भरताना गोळी नळीत सैल उतरली पाहिजे, पण उडताना मात्र आट्यांत घट्ट बसली पाहिजे, हे परस्परविरोधी हेतू साधण्यासाठी गोळीचे बूड पोकळ ठेवलेले असे. दारूच्या वायूचा दाब आला की ते फुगून आट्यांना भिडे. हे फुगणे केवळ मऊ शिशालाच शक्य. मऊ शिसे म्हटले की नळी चिकटण्याचे भय आले, आणि त्यावर उपाय म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण आले. ते वंगण कोणत्या चरबीचे, ह्या प्रश्नाने १८५७ च्या जानेवारीत कोलकात्याजवळच्या डमडम छावणीत पहिली कुजबुज उठली. पुढचा इतिहास सर्वांना ज्ञात आहे. त्या उठावाची कारणे अनेक आणि खोल होती. पण वंगणाची गरजच का पडली, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर धातूच्या मऊपणात सापडते, एवढे मात्र खरे.

मागून भरावयाच्या रायफली आल्या तेव्हा सैल गोळीची गरज संपली आणि धातू कठीण करण्यास मोकळीक मिळाली. १८७१ साली ब्रिटिश सेनेने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलच्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील असे. शिकारी मंडळींत ह्या सुमारास मोठे वाद माजले. मध्यप्रांताच्या जंगलखात्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६३ सालीच शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. सातपुड्याच्या रानांचे वर्णन करणारा त्याचा दुसरा ग्रंथ, जो १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला, विदर्भातील वाचकांना अधिक जवळचा वाटेल. फोर्सिथचा कल मोठ्या वाटोळ्या गोळीकडे होता. लंका, आफ्रिका व हिंदुस्थान पालथे घातलेल्या सर सॅम्युएल बेकरने धातूसंबंधी जे मत दिले, ते मात्र आजही मुळाशी खरे आहे. वाघासारख्या पातळ कातडीच्या जनावरासाठी शुद्ध, मऊ शिशाची भरीव गोळी. ती आत शिरून अळंब्यासारखी फुलते आणि आपला सारा जोर शरीरातच खर्च करते. हत्ती, गवा, रानरेडा ह्यांच्यासाठी कठीण केलेली गोळी. कारण तेथे प्रश्न फुलण्याचा नसून हाडामांसातून आत पोचण्याचा असतो. सर्व जनावरांना एकच गोळी चालेल असे म्हणणारा शिकारी एक तर नवखा असावा, किंवा गोळ्या विकणारा.

ह्या काळातील एक घातक चाल मात्र सांगितलीच पाहिजे. शिसे कठीण करण्यासाठी काही शिकारी त्यात पारा मिसळीत. पारा ३५७ अंशांना उकळतो आणि शिसे वितळते ३२७ अंशांना. म्हणजे पळीवर वाकून ढवळणाऱ्याच्या नाकातोंडात पाऱ्याची वाफ थेट जात असली पाहिजे. तंबूच्या दाराशी बसून असे कितीजणांनी आपले आयुष्य कमी करून घेतले, त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली आणि गोळीचा वेग इतका वाढला की कोणतेही शिसे उघडे राहून टिकेना. तेव्हा शिशाच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे कवच चढवले गेले. कवचाने नळी वाचली. पण गोळी फुलेनाशी झाली. सरहद्दीवरच्या लढायांत ती माणसाच्या अंगातून आरपार जाते आणि तो तसाच धावत येतो, अशी तक्रार सैन्यातून येऊ लागली. त्यावर डमडमच्या शस्त्रागारातील कॅप्टन बर्टी-क्ले ह्याने १८९६ च्या सुमारास गोळीच्या टोकाशी कवच काढून आतले शिसे उघडे ठेवण्याची युक्ती काढली. हीच ती कुप्रसिद्ध ‘डमडम’ गोळी. तिने होणाऱ्या जखमा इतक्या भीषण होत्या की १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात असल्या गोळ्या वापरू नयेत असे घोषित केले. इंग्लंडने त्या वेळी विरोध केला, आणि १९०७ साली ते मान्य केले. ह्यात एक विचित्र विसंगती आहे. माणसाविरुद्ध जी गोळी क्रूर म्हणून वर्ज्य ठरली, तीच जनावराविरुद्ध दयाळू म्हणून शिकारीत शिष्टसंमत ठरली. कारण तेथे हेतू जखमी करण्याचा नसून तत्काळ मारण्याचा असतो. तर्काच्या दृष्टीने दोन्ही मते टिकतात. मनाला मात्र ती शेजारी ठेवताना अवघड वाटते.

आपल्या देशात हा विषय आता इतिहासजमा झाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा अंत घडवून आणला, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. त्या कायद्याची व्याख्या एवढी व्यापक आहे की दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही तिच्या कक्षेत येते. आजोबांचा अडकित्त्यासारखा साचा माळ्यावर सापडला तर तो वापरून पाहण्याची हौस कोणी करू नये.

परंतु अमेरिकेत घरी गोळ्या ओतणे हा आजही हजारो शिकाऱ्यांचा छंद आहे आणि त्यांच्यापुढचा प्रश्न तोच आहे, जो एस्प्लनेडच्या गिऱ्हाइकांपुढे होता. फरक पडला तो कच्च्या मालात. त्यांचे शिसे येते भंगारातून. मोटारीच्या चाकांचा तोल साधण्यासाठी बसवलेली शिशाची वजने पुष्कळ वर्षे त्यांच्या आवडीची होती. त्यांत थोडे अँटिमनी आणि किंचित सोमल असतो, आणि साच्यातून निघालेली तापलेली गोळी लगेच पाण्यात टाकली की ह्या सोमलाच्या योगाने ती बरीच कठीण होते. निव्वळ शिसे-कथिलाच्या गोळीवर असे पाणी चढत नाही. अलीकडे ही वजने जस्ताची वा पोलादाची होऊ लागली आहेत. जस्ताचा एखादा तुकडा जरी भांड्यात वितळला तरी रस दाट, दह्यासारखा होतो आणि साचा नीट भरत नाही. जस्त ४१९ अंशांना वितळते. तेव्हा आच त्याखाली राखून वर तरंगणारे तुकडे वेचून काढणे हाच त्यावरचा इलाज. जुन्या बॅटरीच्या पत्र्यांना मात्र शहाणा माणूस हात लावीत नाही, कारण त्यांतील सोमल व अँटिमनी ह्यांपासून अत्यंत विषारी वायू सुटण्याचे भय असते.

भंगाराचे काठिण्य ओळखण्याच्या त्यांच्या घरगुती युक्त्या मोठ्या मौजेच्या आहेत. फरशीवर टाकले असता शुद्ध शिसे बद्द आवाज करते, कठीण मिश्रण खणखणते. त्याहून नेमकी कसोटी चित्रकाराच्या पेन्सिलींची. मऊपासून कठीणपर्यंत क्रमाने पेन्सिली घ्यावयाच्या आणि कोणती पेन्सिल धातूत रुतते ते पाहावयाचे. त्यावरून ब्रिनेलच्या अंकाचा बराच जवळचा अदमास येतो. वितळलेल्या रसावर करड्या रंगाची साय धरते. नवखा तिला मळी समजून काढून टाकतो. वस्तुतः महागाचे कथील तिच्यातच असते. त्यात मेणाचा खडा टाकून ढवळले म्हणजे धातू पुन्हा रसात मिसळते आणि वर खरी मळी तेवढी राहते. ह्या सर्व कामात पाण्याचा एक थेंब भांड्यात पडला तर त्याची क्षणार्धात वाफ होऊन उकळते शिसे अंगावर उडते. आणि शिसे स्वतःच विष आहे. त्याची धूळ हातांवाटे, अन्नावाटे पोटात जाते, शरीरात साठत राहते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर तिचा परिणाम सर्वांत वाईट होतो. ज्या भांड्यात शिसे वितळवले त्यात पुन्हा कधी अन्न शिजवू नये, ही तेथील पहिली शिकवण होय.

हे विष ओतणाऱ्यापुरतेच थांबत नाही. जनावराच्या शरीरात गोळीचे कण राहतात आणि त्याचे अवशेष खाणारे पक्षी त्याला बळी पडतात. कॅलिफोर्नियात काँडोर नावाच्या प्रचंड गिधाडांच्या रक्षणासाठी २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरण्यास संपूर्ण बंदी आहे. तेथे आता तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबे घरच्या चुलीवर वितळत नाही, त्यामुळे त्या राज्यातील ह्या छंदाला शिकारीपुरती ओहोटी लागली आहे.

जिथे तो चालू आहे तेथे जुन्या छापखान्यांच्या धातूला मोठा मान आहे. संगणक आले, खिळे जुळवणारे जुळारी गेले आणि लायनोटाइपची यंत्रे मोडीत निघाली, तेव्हा त्यांचा धातू टनावारी भंगारात आला. एकटा तो शिकारीला फार ठिसूळ. पण त्याच्या एका भागात तीन भाग शुद्ध शिसे मिसळले की अँटिमनी तीन टक्क्यांवर आणि कथील एका टक्क्यावर उतरते, आणि हरणासाठी अगदी बेताची गोळी तयार होते. श्रीरामपूरच्या ओतशाळेत ज्या मिश्रणाने अक्षरे घडली, त्याच जातीचा धातू असा पळीत वितळतो आणि दुसऱ्या साच्यात जाऊन पडतो.